गाळलेल्या चार ओळी

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, मुलीच्या नाही. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे फादरांपुढे बसून पापं सांगून मोकळं व्हायची सोय आहे, पण तिथेही मी दर वेळी चिडचिड, आळस, सासूबद्दलचे वाईट विचार, असली चिल्लर सांगून उठले. हे तेवढं मागेच ठेवलं. मग आज तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नर्स आहे. वसईची, पण गेली अठरा वर्षं बहारीनमध्ये. बायकांच्या वॉर्डात काम करते. दिवसातून वीस वेळा तरी विचारते — मागची पाळी कधी आली होती? हिंदीत विचारते, इंग्रजीत विचारते, मोडक्यातोडक्या अरबीत विचारते, आणि बाईचा नवरा शेजारी उभा असला तरी आवाज खाली आणत नाही. वॉर्डातल्या शिकाऊ मुली मला टरकून असतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना मी कुणी गरीब, बावरलेली बाई होते असा तुमचा समज व्हायला नको.

एस्तेर माझ्याच वॉर्डातली. मलावीची. आम्ही दुपारचा डबा एकत्र खातो, माझं बोंबलाचं कालवण तिला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आवडतं. तिची थोरली बहीण तिकडे एका खेड्यातल्या शाळेची मुख्याध्यापिका. त्या शाळेतल्या मुली आठवीच्या परीक्षेपर्यंत टिकतच नाहीत, गळतात, असं एस्तेर नेहमी सांगायची. मोबाइलवर एका मुलीचा फोटो दाखवायची. चिकोंडी. तेरा-चौदा वर्षांची, हात मागे बांधून उभी, कपाळावर आठ्या. वर्गात पहिली येते, म्हणायची, ही आपल्यासारखी नर्स होणार बघ.

आमचं इथे वसईकरांचं मंडळ आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर वर्षी मंडळ काहीतरी सत्कार्य करतं. सात वर्षांपूर्वी मी उठून म्हटलं, या वेळी आफ्रिकेतल्या खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाला हात देऊ. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं. मी मंडळाची सेक्रेटरी होते, मोठी कळवळ्याची बाई म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. नेमकं काय लागतं ते लिहून पाठव, असा निरोप मी एस्तेरच्या बहिणीला दिला, आणि एस्तेर रजेवरून येताना तिचं पत्र हातोहात घेऊन आली. दोन पानी, इंग्रजीत, सुंदर अक्षर.

मनामातल्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ते दोनदा वाचलं. मराठीत कसं सांगायचं त्याची तालीमसुद्धा केली. म्हणजे हॉलमध्ये ते अचानक समोर आलं असं नाही — मला सगळं माहीत होतं. दुसऱ्या पानावर चार ओळी होत्या. पाळीबद्दल. मुलींना कापडी पॅड हवे होते. बस्स. एवढी साधी गोष्ट, आणि ती मागितली होती एका बाईने बायकांकडे.

शुक्रवारी मिस्सा झाल्यावर चर्चमागच्या हॉलमध्ये सगळे जमले. पुढच्या रांगेत फादर, त्यांच्या बाजूला मंडळाचे अध्यक्ष, मग माझा नवरा. मागे समोसे खाणारी तरुण मुलं, त्यांच्यातच माझी तेरा वर्षांची मुलगी. मी माइक घेतला. पहिलं पान वाचलं. पान उलटलं. त्या चार ओळी समोर आल्या आणि — काय झालं मला? फादरांनी नुसता चष्मा पुसायला घेतला होता. कुणीही माझ्याकडे रोखून बघत नव्हतं. पण माझी जीभ वळेना. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला, अगदी ठणठणीत: 'आमच्या मुलींना दप्तरं, वह्या आणि कंपासपेट्या मिळाल्या, तर त्या शाळेत टिकतील.'

पत्रात असं काहीच नव्हतं. मी ते उभ्या उभ्या रचलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लाज वाटली, असं म्हणू? कसली लाज? माझ्या आईने आम्हा तिन्ही बहिणींना जुन्या सुती चादरींच्या घड्या शिवून दिल्या होत्या. त्या धुऊन मागच्या दोरीवर टॉवेलखाली सुकत घालायचो, म्हणजे बापभावांना दिसू नयेत. त्या घड्यांमुळे माझा शाळेचा एक दिवस बुडला नाही. मी नर्स झाले ती तिथून झाले. म्हणजे त्या चार ओळींची किंमत त्या हॉलमध्ये माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. आणि मी मात्र तोच टॉवेल पुन्हा वर टाकला.

सुधारता आलं नसतं? दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या. निदान फिलू मावशीला एकटीला गाठून सांगायचं. फिलू मावशी म्हणजे आमच्या मंडळातली सगळ्यात हुशार शिवणकाम करणारी बाई, मुहर्रकला मुलाकडे राहते, खिडकीशी तिचं मशीन. पण सांगितलं असतं तर पत्र खोटं वाचलं हे आधी कबूल करावं लागलं असतं. मी गप्प बसले. मनामाच्या बाजारातून जांभळी दप्तरं आली, त्यांवर फुलपाखरं. प्रत्येक दप्तरावर एकेका मुलीचं नाव फिलू मावशीने धाग्याने भरलं. चिकोंडीचं नाव नीट विचारून घेतलं, स्पेलिंग चुकू नये म्हणून मला दोनदा फोन केला. मशीन तिथेच होतं, बाई तिथेच होती, कापड घरोघरी पडलेलं होतं.

इथवर भ्याडपणा होता. यापुढचं त्याहून वाईट आहे.

दप्तरं बघून एस्तेर गोंधळली. डबा उघडता उघडता तिने विचारलं, पत्र पूर्ण वाचलंस ना? मी म्हटलं, शब्द न् शब्द. मग दप्तरं का, हे तिने विचारलंही नाही. आणि मी — मी म्हटलं, 'काय सांगू, आमच्या बायका जुन्या वळणाच्या. त्यांना तो विषयच आवडला नाही.'

एस्तेरने मान हलवली. आमच्याकडेही असंच आहे गं, म्हणाली. उलट तिनेच मला समजावलं, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाली. तेव्हापासून ती आमच्या नाताळच्या कार्यक्रमाला आलेली नाही. चर्चच्या आवारात फिलू मावशी दिसली की लांबूनच हसते आणि दुसरीकडे वळते. जिने तिच्या गावच्या मुलींची नावं एकेक टाका घालून भरली, तिला एस्तेर आजही कोत्या मनाची म्हातारी समजते, आणि ते माझ्यामुळे.

पुढच्या वर्षी एस्तेर गावाहून परत आली. मी चिकोंडीचं विचारलं. 'चिकोंडी? खलास,' ती म्हणाली. दर महिन्याला दिवस बुडत गेले, अभ्यास मागे पडला, घरचे म्हणाले पुरे झाली शाळा. परीक्षेला ती बसलीच नाही, त्याआधीच लग्न लावून दिलं. एस्तेरने फोटो दाखवला. तीच मुलगी, तशाच आठ्या, खांद्यावरून पुढे घेतलेलं जांभळं दप्तर. मका दळायला नेते त्यातून, एस्तेर म्हणाली. फुलपाखरू पार विटलं होतं, पण नावाचा धागा जसाच्या तसा. काहीतरी बोलायला हवं होतं. 'दप्तर टिकलं हो,' एवढंच माझ्या तोंडून निघालं.

कापडाच्या घडीने काय लग्न थांबतं? — हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितला आहे. फार सोयीचा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर माहीत नाही, आणि ते कधीच कळणार नाही अशी व्यवस्था मीच केली.

तरीही हे असंच आत राहिलं असतं. पण यंदाच्या उपवासकाळात, त्याच हॉलमध्ये, माझी मुलगी माइक घेऊन उभी राहिली. आता वीस वर्षांची आहे, मराठी कळतं पण बोलते इंग्रजीतच. इथे घरकाम करणाऱ्या परदेशी बायकांसाठी कापडी पॅड शिवू या, म्हणाली. जो शब्द मला सुचूनही उच्चारता आला नव्हता तो तिने सहा-सात वेळा घेतला, सहज, पाणी मागावं तसा. मी हॉलकडे बघत होते. आता काय होईल? काहीच झालं नाही. तेच फादर, तोच चष्मा. त्यांनी विचारलं, सुती कापड किती लागेल? आणि फिलू मावशी, एकाहत्तर वर्षांची, बसल्या जागेवरून ओरडली, 'अगो, माझं मशीन काय शोभेला ठेवलंय?'

दोन शुक्रवारांत ढीग झाला. मी घड्या घालायला बसले होते. मावशी शेजारी येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, 'बाय, त्या आफ्रिकेतल्या पोरींनासुद्धा हेच लागत असणार गो. आपण दप्तरं कसली पाठवली! तुझ्या त्या मॅडमने काही लिहिलं नव्हतं ना असलं?'

सात वर्षं झाली होती. ती विसरून गेली असती, हसून सोडून दिलं असतं, कदाचित पाठीत एक धपाटा घातला असता.

'नाही मावशी,' मी म्हटलं. 'तसलं काही नव्हतं.'

पत्र माझ्याकडेच आहे. माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये, त्याच्या मागेच. काल काढलं. दुसऱ्या पानावरच्या त्या चार ओळी मराठीत अशा होतात:

'आमच्याकडे दप्तरं आणि वह्या आहेत, कृपया त्या पाठवू नका. पाळी आली की मुली चार-पाच दिवस घरी बसतात, कारण वापरायला काही नसतं. तुमच्यातल्या स्त्रियांनी जुन्या सुती कापडाच्या घड्या शिवून पाठवल्या तरी पुरे. पहिल्या मी चिकोंडीला देईन, ती या वर्षी परीक्षेला बसायलाच हवी.'

मोठ्याने वाचून बघितलं. अर्धं मिनिटही लागत नाही.