मालनचा भाव

मालन परबचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिच्याबद्दल मी जे बरं लिहीन ते नाइलाजाने लिहिलंय हे तुम्हाला कळेल.

बारा वर्षांपूर्वी ती आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आली ती टेपा वाहायला. आमची कंपनी दवाखान्यांचे एक्सरे आणि स्कॅन साठवते, एक प्रत अंधेरीत आणि दुसरी पवईत. तेव्हा दुसरी प्रत टेपांवर जायची. टेपांची पेटी मांडीवर घेऊन कंपनीच्या गाडीतून मालन पवईला जायची. भांडुपची मुलगी, वडील गिरणीत होते, शिक्षण बारावी, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर. मी पार्ल्याची, इंजिनिअर, पर्मनंट. मोकळा वेळ मिळाला की ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "शुभाताई, ह्या काय गो?" मी सांगेन ते एका लांबट वहीत लिहून घ्यायची. तेव्हा ती मला फार आवडायची.

पुढे टेपा गेल्या, केबल आल्या. अंधेरीहून पवईला दोन रस्ते झाले. एक सरळ, जुना, माझ्या हातचा. दुसरा घाटकोपरच्या आमच्या छोट्या ऑफिसातून वळून जाणारा, दोन तुकड्यांचा. डेटा कुठून जायचा हे यंत्र ठरवतं, पण प्रत्येक तुकड्याला आकडा आपण द्यायचा. ज्या रस्त्याची बेरीज कमी, सगळा डेटा तिकडून. बेरीज सारखी आली तर दोन्हीकडून अर्धा-अर्धा. त्या आकड्याला कॉस्ट म्हणतात, मी तरी सव्वीस वर्षं तेच म्हणत आले. मालन म्हणाली, भाव. "घाटकोपरवाला भाव खातो ना, म्हणून तिकडे कोण फिरकत नाय." महिनाभरात अख्खं ऑफिस भाव म्हणायला लागलं. पाठोपाठ शंका विचारायला पोरं तिच्या टेबलाशी जायला लागली. मला कोणी भाव देईना.

यंदा मार्चमध्ये जुना रस्ता तुंबायला लागला. घाटकोपरचा मी मोठे आकडे देऊन राखीव ठेवला होता आणि तो वर्षानुवर्षं रिकामा पडून होता. मालन थेट आमच्या साहेबांकडे, श्यामकांत सरांकडे गेली. सरळ रस्त्याचा भाव अडीचशे आहे, घाटकोपरच्या दोन तुकड्यांना सव्वाशे-सव्वाशे द्या, म्हणाली. इतकं सोपं! मला सुचायला काय झालं होतं? सर म्हणाले, "आठ दिवस चालवून बघू. नीट चाललं तर तुला पर्मनंट करायची शिफारस मी स्वतः करतो."

पाच दिवस ते झकास चाललं. झकास हा शब्द सरांचा. स्क्रीनसमोर उभे राहून त्यांनी तो दोनदा म्हटला. मला सव्वीस वर्षांत एकदाही म्हटला नव्हता. माझ्या पोटात दुखलं, अगदी सरळ शब्दांत सांगायचं तर जळले मी.

सहाव्या दिवशी दुपारी सगळे मालनच्या डब्यातले घावणे खायला जमले होते. मी जागेवर बसले आणि घाटकोपरच्या पहिल्या तुकड्याचे सव्वाशे होते त्याचे एकशे सव्वीस केले. एकच आकडा. रस्त्याची बेरीज दोनशे एक्कावन्न झाली आणि सगळा डेटा निमूटपणे जुन्या रस्त्यावर आला. कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना स्वतःचं लॉगिन नसतं, सगळ्यांचं मिळून एकच असतं. मी तेच वापरलं. बोट घसरलं असेल असं वाटावं, एवढाच माझा हिशोब.

तासाभरात तो तुंबला आणि दवाखान्यांचे फोन सुरू झाले, स्कॅन उघडत नाहीत म्हणून. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. स्क्रीनवर तो आकडा होता आणि बाजूला ते लॉगिन.

"मालन, तुम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचंच लॉगिन आहे हे."

"मी नाय केलं, सर."

"मग कोणी केलं?"

मालन त्या एकशे सव्वीसकडे बघत राहिली. सर खुर्चीत मागे रेलले. "शिफारशीचं मग पुढच्या वर्षी बघू."

मालनने माझ्याकडे पाहिलं. ना राग, ना विनवणी. माझ्या खुर्चीमागे उभी राहून उत्तराची वाट बघायची, तशीच बघत होती.

"मी केलं," मी म्हणाले.

सर हसले. "शुभा, तिला पाठीशी घालू नकोस. मोठेपणा कळला तुझा."

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, असू दे. मोठेपणाही मिळाला आणि मालनही अडकली. पण ती अजून माझ्याकडेच बघत होती. "कुठल्या मशीनवरून झालं ते बघा," मी म्हणाले. सरांनी बघितलं. मशीन माझं होतं.

माझे अधिकार काढून घेतले. आता मी फक्त रिपोर्ट बघते, बदल करू शकत नाही. मालनला पुढच्या महिन्यात पर्मनंटचं पत्र मिळालं. पेढा घेऊन ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी विचारलं, "तुला सरांसमोरच कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू नाय म्हटलं असतंस. मग खरं कोणाचं धरलं असतं, पर्मनंटवालीचं की कॉन्ट्रॅक्टवालीचं?"

"पण मीच केलं हे कळलं कसं?"

"दुसऱ्या कोणी बिघडवलं असतं तर हजार घातले असते," मालन म्हणाली. "एक पुरतो, हे या ऑफिसात आपल्या दोघींनाच ठाऊक." तिने पेढा माझ्या हातावर ठेवला. "माझ्या वहीत रस्त्यांच्या पहिल्याच पानावर आहे. तूच सांगितलेलंस गो."