उन्हात ठेवलेलं पाणी

नोव्हेंबरात आई एकदा गिझर बंद करायला विसरली. मी दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा न्हाणीघरात लाल दिवा तसाच होता. सकाळी आठपासून चालू. आमच्या संशोधन संस्थेत मी ऊर्जा बचत समितीवर आहे. जिन्यातले दिवे कुणी चालू ठेवले तर त्यांना पत्र जातं, त्यावर सही माझी असते. तोच सूर घेऊन मी घरी बोललो.

"सोलापूरला आयुष्यभर काटकसर केलीस, आणि मुलाच्या घरी आलीस तर हात सैल सुटला होय?"

मुलगी समोरच जेवत होती. आईनं आमटी वाढली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं काढून मागितलं. बाहेरून काळं झालेलं. सकाळी ते पाण्यानं भरून, वर ताट झाकून गच्चीवर उन्हात ठेवायचं आणि दुपारी एकला त्या पाण्यानं अंघोळ करायची. सोलापूरला आमच्या घरी हेच चालायचं. तिथं जानेवारीतही पाणी एवढं तापतं की विसण घालावं लागतं. लखनौत वृंदावन योजनेतल्या आमच्या गच्चीवरही नोव्हेंबरात ते छान तापायचं. समोरच्या वहिनींनी कौतुक केलं, "माताजी, आप तो बिजली विभाग का धंधा बंद करा देंगी!" आई खूश झाली. मीही झालो. माझं बोलणं लागू पडलं असं मला वाटलं, हे मी लिहून ठेवतो.

मुलगी कॉलेजात पर्यावरण शिकते. स्टीलची बाटली, बांबूचा ब्रश, दुसऱ्यांनी वापरलेले कपडे विकत घेऊन घालणं, असं तिचं सगळं चालू असतं. मराठी तिला कळते, उत्तर हिंदीत येतं. तिनं पातेल्याचा व्हिडिओ काढला. "आजी, आप तो ओरिजिनल सोलर हीटर हो!"

"आणि तू गं?" आई म्हणाली. "वीस मिनिटं शॉवरखाली उभी असतेस. बांबूच्या ब्रशनं वाचवलेलं सगळं गटारात."

"आजी, यार!"

तो व्हिडिओ तिच्या कॉलेजात बऱ्याच जणांनी पाहिला. आईला तो तिनं चारदा दाखवला.

डिसेंबर सरता सरता कोहरा, म्हणजे दाट धुकं, उतरला. लखनौतला कोहरा सोलापूरच्या माणसाला सांगून कळत नाही. दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, दुपारी बारालाही समोरचं घर पुसट असतं. आई पातेलं भरून ठेवतच होती. माझी बायको बँकेत आहे, तिची बदली गोरखपूरला. ती शनिवारी रात्री येते. रविवारी ती सासूला गिझरचं पाणी काढून द्यायची आणि आई निमूट घ्यायची. बाकीचे सहा दिवस घर माझ्या हवाली.

जानेवारीत एका दिवशी ऑफिसला उशिरा जायचं होतं. साडेबाराच्या सुमाराला मी गच्चीवर वाळत घातलेला मफलर आणायला गेलो. ताट बाजूला केलं आणि पातेल्यात हात घातला. बोटं बधिर झाली. हात रुमालाला पुसला, ताट परत झाकलं आणि खाली आलो. आईला म्हटलं, "येतो गं." आणि गेलो.

त्या दिवशी दिवसभर मी स्वतःची समजूत घालत होतो, की ती गॅसवर थोडं तापवून त्यात घालत असेल. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. मी त्या वेळी बोललो असतो, तर नोव्हेंबरातलं वाक्य मागं घ्यावं लागलं असतं. ते मला नको होतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. माझ्या खोलीत तर त्या सबंध महिन्यात गरम हवेचा ब्लोअर चालू होता.

चार दिवसांनी तिला ताप भरला. खोकला आधीपासून होताच. आलमबागच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "माताजी, ठंडे पानी से नहाती हैं क्या?"

"नही, नही," आई म्हणाली. "धूप में रखती हूँ, गरम होता है."

"धूप?" डॉक्टर हसले. "माताजी, धूप दस दिन से निकली कहाँ है? हमें भी पता बता दीजिए."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढून कुणाचा तरी मेसेज वाचू लागलो. छातीत संसर्ग होता. तिला तिथंच वरच्या मजल्यावर दाखल केलं.

मुलगी कॉलेजातून थेट दवाखान्यात आली. व्हरांड्यात तिनं विचारलं, "बाबा, आपको पता था, पानी इतना ठंडा था?"

"नाही," मी म्हणालो.

ती बाकावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मेरी वजह से हुआ. मैंने वीडियो बनाया, सबको दिखाया. आजी को लगा होगा अब छोड़ूँगी तो इसकी बेइज़्ज़ती होगी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तसं काही नाही, असं म्हणालोही. पण कसं आहे ते सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. ती घरी जाऊन आजीसाठी पेज करून आणायची, डबा उघडून चमच्यानं भरवायची. शॉवर बंद करून बादलीनं अंघोळ करायला लागली होती. मला हे दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. ती उशीला टेकून बसली होती आणि मुलगी पलंगाच्या कडेला संत्रं सोलत होती. "आजी, सॉरी," ती मान खाली घालून म्हणाली. "वो वीडियो..."

तेव्हा मी बोललो. मुलीकडे न बघता, आईला. "आई, मला माहीत होतं. मी पाण्यात हात घालून पाहिला होता. बर्फासारखं होतं. तरी बोललो नाही."

"मी बघितलं तुला," आई म्हणाली. "वाळत घालायचे कपडे घेऊन वर येत होते, दारातून तू दिसलास, तशीच मागं खाली गेले. म्हटलं, आता म्हणेल, आई, नको या पाण्यानं. तू खाली आलास आणि येतो म्हणून गेलास. मग म्हटलं, संध्याकाळी म्हणेल."

"तुला कळत होतं ना, गार आहे ते?"

"मला काय वेड लागलंय? हाताला कळत नाही होय? पण तू म्हणायला हवं होतंस. त्या दिवशी गिझरवरून बोलला होतास तूच ना?"

मुलीनं सोललेलं संत्रं ताटलीत ठेवलं. एक फोडही तिनं कुणाला दिली नाही.

"दो दिन से मुझे लग रहा था कि मैंने किया है," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "आपने लगने दिया."

"हो," मी म्हणालो.

तिनं टेबलावरची औषधांची चिठ्ठी उचलली आणि बाहेर गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या. मी खुर्चीत बसूनच राहिलो. आईची माफी मागावी असं वाटत होतं, वाक्य जुळत नव्हतं.

"माझ्या तोंडाकडं काय बघत बसलास?" आई म्हणाली. "माझं मी बघेन. पोरीच्या मागं जा. आणि हात जोडत बसू नको तिच्यापुढं, नीट सगळं सांग. मला काय बोलला होतास तेही सांग."

"ते तिला माहीत आहे. समोरच होती ती."

"तिला शब्द माहीत आहेत रे. त्यापायी गप्प का बसलास ते तू सांग."

मी उठलो.