खंडेनवमीची वडी

आमची सायली, म्हणजे माझी नात, अमरावतीच्या कॉलेजात कडक धातूंची भुकटी दाबून वडी करते आन मायक्रोवेव्हच्या भट्टीत भाजते. त्या वडीनं म्हणे लोखंड कापायचं. मी जन्मभर वड्या थापल्या, पण इतकी कडक एकही नाही जमली.

खंडेनवमीले ती चण्याच्या डाळीएवढी वडी घेऊन घरी आली. शेलूबाजारात तिच्या बापाचं, माझ्या चंपतचं, लेथ मशीनवर लोखंड कापायचं दुकान आहे. आमी दोघी तिथं गेलो, तवा तो पूजेसाठी औजारं पुसून राह्यला होता.

"बाबा, हिले बी कुंकू लावा ना."

"जे लोखंड कापते, त्यालेच कुंकू. खाऊची पूजा नाही करत मी!"

पोरीनं वडी मुठीत झाकली. आधीच्या साऱ्या वड्या लोखंडाले टेकताच तडकल्या होत्या, आन तिले तर बापाच्याच हातचं कुंकू पाहिजे होतं.

"मंग कापून पाह्य ना रे, चंपत!" मी म्हटलं.

त्यानं वडी लेथले बसवली. सळई गरगर फिरली आन लोखंडाच्या चकचकीत शेवया निघू लागल्या! सायली उड्या मारून राह्यली, मी टाळ्या पिटून राह्यली, अन् चंपत थांबायलेच तयार नाही. "आजून थोडं, माय, आजून थोडं!" करत त्यानं अख्ख्या सळईच्या शेवया केल्या.

"बाबा, सळई गिऱ्हाइकाची होती ना!"

"असू दे वं!"

मंग त्यानं वडी पाटावर मधोमध मांडली आन एवढं हळदकुंकू ओतलं की ती दिसेचना. आरतीच्या वेळेस आमी तिघंही कुंकवात बोटं घालून देव शोधत होतो.