गोधडीची सुई

"हात लांब धर. टेबलाला लावू नको," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. माझ्या तळहातातून रक्त येत होतं.

नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मी ठेक्यावर सफाईचं काम करते. त्या सकाळी साडेनऊला वॉर्डातली कचऱ्याची पिवळी पिशवी बांधत होते. पिशवी काठोकाठ भरली की दाबल्याशिवाय गाठ बसत नाही. आम्ही सगळ्याजणी दाबतो. सुयांना वेगळा डबा असतो. कुणीतरी एक सुई पिशवीत टाकली होती. ती हातमोज्यातून आत गेली.

अशा सुयांसाठी वॉर्डात एक रजिस्टर आहे. नोंद झाली की पेशंटचं रक्त तपासतात, टोचलेल्याचं तपासतात, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या लगेच सुरू करतात. त्यात डॉक्टरांची नावं आहेत, सिस्टरांची आहेत. सफाईवाल्यांचं एकही नाही.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले.

"तू ठेकेदाराची हायेस. आमच्या स्टाफमधली न्हाईस."

"सुई तर तुमचीच हाय ना सिस्टर?"

"तोंड लई चालून राहिलं तुझं." त्यांनी एक कागद आणि शाईचा डबा पुढं सरकवला. "अंगठा दे. गोळ्या देते."

मी हदगावला दहावी केली. वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. कागदावर लिहिलं होतं: घरी गोधडी शिवताना सुई टोचली. दवाखान्याचा संबंध नाही.

सुनंदामावशी चौदा वर्षांपासून तिथं झाडतात. त्या हळूच म्हणाल्या, "दे बाई. म्या दोनदा दिला. कागदावर माझ्या लई गोधड्या शिवून झाल्या."

माझ्या अंगठ्याला शाई लागली होती. गोळीला जितका उशीर, तितका धोका जास्त. हे मला माहीत होतं. तरी मी अंगठा पदराला पुसला.

"खरं लिहा. सही करते."

"मग जा."

मी रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेले. जे घडलं ते सांगितलं. पावणेबाराला पहिली गोळी मिळाली. अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या, बरेच दिवस उलट्या झाल्या. सुई कुणाला टोचलेली होती, हे मला कधीच कळणार नाही. आमच्या दवाखान्यात त्या दिवशी कुणाचं रक्त तपासलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी संडासांना लागली. तिथंच, बादल्यांच्या फळीवर, मी शंभर पानी वही ठेवली. तारीख, वेळ, वॉर्ड, काय टोचलं, काय अंगावर उडालं. पहिलं नाव माझं. दुसरं-तिसरं मावशींचं, आठवून सांगितलेलं. आता अकरा नोंदी आहेत. ज्यांना सही येत नव्हती त्यांना मी नाव लिहायला शिकवलं. अंगठा एकही नाही.

काल मोठ्या सिस्टर संडासापर्यंत आल्या.

"कसली वही ठेवून राहिलीस गं?"

"तुम्ही ठेवत न्हाई ती."

सोमवारी दवाखान्याची तपासणी आहे. सरकारी दवाखान्यातून माझ्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट मंगळवारी. मंगळवारी काय यायचं ते येवो. सोमवारी ही वही मी त्याच टेबलावर ठेवणार आहे, आणि तपासणीवाले शेवटचं पान वाचेपर्यंत हात टेबलावरून उचलणार नाही.