ताळ्याचे सर

आमचे गणिताचे सर शाळेचं कुलूप लावत, ओढून बघत, फाटकापर्यंत जात आणि माघारी येऊन पुन्हा ओढून बघत. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या त्या आडगावात त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. सगळ्यांचे ते ‘ताळ्याचे सर’. लग्नात मंगलाष्टकं संपली, की अंतरपाटापलीकडं नवरी तीच आहे ना, हेही सर बघून घेतात, असं पोरं म्हणायची.

समीकरण सोडवून ‘क्ष’ची किंमत काढली, की ती मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का ते बघायचं, हा ताळा. तो नसेल तर बरोबर उत्तरालाही सर अर्धेच गुण देत. एकदा मी तणतणत त्यांच्यापुढं गेले. “सर, उत्तर बरोबर हाय की!”

“आहे ना. पण ते बरोबर आहे, हे तुला कुठं माहीत होतं?”

मला भयंकर राग आला होता. आजही थोडा येतो.

सर मूळचे केडगावचे. आमच्याकडं नवीन आले तेव्हा अपूर्णांक शिकवताना त्यांनी विचारलं, “अर्धा म्हणजे काय?” फळ्यावर भाकरी काढून ती कापून दाखवायचा त्यांचा बेत होता. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “एकटा मानूस, सर.” सर खो खो हसले. वर्गात दुसरं कुणीच हसलं नाही. मग आम्हीच त्यांना समजावलं: ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. त्यानंतर फळ्यावर भाकरी कधी आली नाही. आमचे सगळे अपूर्णांक कोयत्यांतच सुटले.

मी दहावीत गेले त्या वर्षी आईनं कंबरदुखीनं अंथरूण धरलं. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याकडं निघायच्या. आईच्या जागी मी जाणार, हे घरात कुणी बोललंसुद्धा नाही. वडिलांनी, आमच्या दादांनी, माझ्या कोयत्याला धार लावून ठेवली होती. सर घरी आले.

“पोरीला नेऊ नका. मार्चात परीक्षा आहे तिची.”

दादा शांतपणे म्हणाले, “सर, तुमी लई शिकलेले. पर माजा एकट्याचा अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई. दुसरा अर्धा कुटून आनू, तेवडं सांगा.”

सर चहा तसाच ठेवून उठले. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सरांची सायकल वस्त्यावस्त्यांवर दिसू लागली. “काय हुडकताय, सर?” “अर्धा कोयता.” मास्तरचं डोकं फिरलं, असं लोक बोलायला लागले. शेवटी शेजारच्या वाडीत एक जण सापडला. त्याची बायको माहेरी बाळंत झालेली, आणि तोही मुकादमाच्या दारातून हात हलवत परत आलेला. सरांनी त्याला कॅरिअरवर बसवून थेट आमच्या अंगणात आणलं. “हा घ्या दुसरा अर्धा,” ते धापा टाकत म्हणाले.

दादांनी त्या गड्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मोळी बांदता येती का रं?”

“येती की.”

एवढ्यावर माझी दहावी ठरली.

टोळी निघाली त्या सकाळी सर हजर. ट्रॅक्टर हलला तरी दोघं ट्रॉलीत आहेत ना, हे बघत ते मागं मागं चालत होते. दादा वरून ओरडले, “बसलोय सर, दोगंबी बसलोय! जावा आता!”

मी पास झाले, पुढं शिकले आणि गणिताचीच बाई झाले. पेढे घेऊन केडगावला गेले तेव्हा सर निवृत्त होऊन घरी होते, फार थकले होते. पाया पडून म्हटलं, “सर, आता तरी जमला ना ताळा?”

सर हसले. “हे नुसतं उत्तर झालं गं. ताळा तुझ्या वर्गात. दिवाळीनंतर बघ.”

दिवाळीच्या आधीच सर गेले. बातमी कळली तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात बसून पोटभर रडले.

सुट्टी संपली. हजेरी घेताना दहावीतली एक मुलगी गैरहजर दिसली. मागून कुणीतरी म्हणालं, “तिच्या आयचा पाय मोडलाय, बाई. परवा ती बापासंगं तोडीला निगनार हाय.”

शाळा सुटल्यावर मी कुलूप ओढून बघितलं, लूना काढली आणि पहिल्याच वस्तीवर जाऊन विचारलं, “हितं कुनी अर्धा कोयता हाय का?”