कोरडी गुहा

बेटावरच्या लालमती गावातल्या कुंतीला डोंगरावरचा दगडन् दगड माहीत होता. नवरा लवकर गेला, मग उसाच्या शेतातली मजुरी आणि भावाच्या दोन गायींसाठी डोंगरावरचं गवत, यातच तिचे दिवस जात. धाकटा भाऊ कृष्णदेव म्हणजे तिचा जीव की प्राण. म्हातारी आई मात्र कुंतीकडेच असे, कारण सुनेला तिचा खोकला सोसवत नसे. त्यातही कुंतीला भावाचा दोष कधी दिसला नाही. आंधळ्या मायेला काय म्हणावं!

गवत कापता कापता डोंगरातल्या लहान लहान गुहा धुंडाळायचा तिला नादच लागला. वाकून, कधी सरपटत आत जायची आणि जमिनीवर तळवा टेकायची. वटवाघळांच्या लेंड्यांची सुकी भुकटी हाताला लागली, तर तिथं पावसाचं पाणी शिरत नाही, हे तिनं आपलं आपणच ताडलं होतं. उभं राहता येईल अशी कोरडी गुहा सगळ्या डोंगरात एकच निघाली, आणि ती तिनं फक्त कृष्णदेवाला दाखवली. मोठं वादळ आलं तर आईला घेऊन इथंच यायचं, असं दोघांचं ठरलं. तोंडाशी लावायला दगडही दोघांनी मिळून गोळा केले.

साठ सालच्या वादळात कुंतीच्या घरावरचं पाचटाचं छप्पर सकाळीच उडालं. आईला पाठुंगळीला घेऊन ती चिखलातून वर चढली. गुहेचं तोंड आतून दगडांनी बंद होतं. फटीतून शेणाचा वास आला, मग ओळखीचं हंबरणं.

“ताय, जागा नाय,” आतून कृष्णदेव म्हणाला. “गायी भेदरल्यात. दगड काढला तर भायेर पळतील. सिक्लोन सरूंदे.”

कुंतीनं भारे वाहून पोसलेल्या गायी तिच्याच जागेवर उभ्या होत्या. आईला कमी ऐकू येई; भावाचं बोलणं तिला कळलं नसेल असं धरून, आत परक्याची गुरं आहेत असं कुंतीनं ओरडून सांगितलं. मग तिला एका कपारीत बसवून ती स्वतः वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली. दिवसभर पाऊस पाठ सोलत होता. पाठीचं काही नाही, पण भावावरचा तिचा विश्वास त्या दिवशी मेला.

वादळ सरल्यावर कृष्णदेव दुधाचा लोटा घेऊन आला. घर पडलं, गायी तेवढ्या वाचल्या, असं सांगत आईच्या पायाशी बसला. आईच्या जिवाला घोर नको म्हणून कुंतीनं सगळं गिळलं होतं.

आईनं लोटा हातात घेतला, आणि तसाच त्याच्यापुढं सारला.

“गायी सुक्या रवल्या ना रे, कृष्णा?” ती म्हणाली. “माज्या पोरीनं पोसल्यात त्या. हंबरण्यावरनं वळखल्या मी.”