अकरा पानांचं एक पान करणाऱ्या आपा

आदरणीय मेहरुन्निसा शेख, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आपा, यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्या निमित्तानं निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मला चार पानं लिहायला सांगण्यात आलं, तेव्हा संपादक मंडळानं वर आणखी एक निरोप पाठवला, "सर, चार म्हणजे चारच." ही ताकीद मला एकट्यालाच मिळाली आहे. ती का मिळाली, हे कळण्यासाठी आपांची आणि माझी पहिली भेट सांगणं भाग आहे.

मी तेव्हा बेंबळीच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस होतो. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, पुस्तकांची चार कपाटं आणि मधोमध एक मोठं टेबल. त्या टेबलाभोवती गावातली मंडळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि त्यावर त्याहून मोठ्यानं बोलत. त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात दहा-बारा मुली पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करू लागल्या होत्या. त्यांच्यासाठी वेगळी अभ्यासिका असावी, असं मला मनापासून वाटे. पुण्यातला एक न्यास ग्रामीण संस्थांना मदत करणार असून त्यानं प्रस्ताव मागवले आहेत, असं कळलं आणि मी लेखणी सरसावली.

प्रस्ताव अकरा पानांचा झाला. सुरुवात माणसाला अग्नीचा शोध लागला तिथून होती. बेंबळी सातव्या पानावर आली. मुली दहाव्या पानावर आल्या, त्याही एका उपमेत. आमचे अध्यक्ष आबासाहेब यांनी तो ऐकून डोळे पुसले आणि शेवटी एक ओळ वाढवायला लावली. वाचनालयापुढं एक भव्य कमान हवी आणि तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव हवं.

पाठवण्याआधी कुणा जाणकाराला दाखवावा म्हणून मी चौकशी केली. शाळेतला शिपाई म्हणाला, "लोहाऱ्याला एक बाई हायती. टायपिंगचा क्लास चालवत्यात. असले कागद लिहून देत्यात. पैसे घेत न्हाईत, पण प्रश्न लई इचारत्यात."

लोहाऱ्यात भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आपांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तहसील कचेरीत अर्ज द्यायला येणारे लोक तिथं अर्ज टाइप करून घेत. ते अर्ज नामंजूर का होतात, हे बघता बघता आपांना कागदाची नाडी सापडली होती. मग एकेक बचत गट, शाळा, तरुण मंडळं त्यांच्याकडं यायला लागली. मी गेलो तेव्हा त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि अकराची अकरा पानं शांतपणे वाचली. तेवढी सगळी वाचणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

"छान लिहिता," त्या म्हणाल्या.

मी विनयानं मान खाली घातली.

"पण सर, तुम्हाला पाहिजे काय?"

"अभ्यासिका. मुलींसाठी."

"आत्ता कुठं बसतात?"

"वाचनालयातच."

"वाचनालय किती ते किती उघडं असतं?"

"सकाळी आठ ते संध्याकाळी सात."

"आणि मुली किती वाजेपर्यंत बसतात?"

"अकरा. फार तर साडेअकरा."

"का? अकराला का उठतात?"

"घरी कामं असतील."

"असतील?" आपांनी चष्मा काढला. "विचारलं का त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. अग्नीच्या शोधाबद्दल मी तीन पुस्तकं चाळली होती, पण टेबलापलीकडच्या मुलींना एक प्रश्न विचारला नव्हता. आपांनी चहा संपू दिला आणि म्हणाल्या, "जीप मिळंल आत्ता. विचारून या."

दुसऱ्या दिवशी मी मुलींना विचारलं. त्यांच्यातली सारिका ही सगळ्यांत हुशार, एरवी फाडफाड बोलणारी. तीही खाली बघायला लागली. शेवटी तीच म्हणाली, "सर, इथं संडास न्हाय. सकाळी पाणी न पिता येतो आमी. अकरापत्तुर धकतं."

वीस वर्षं मी त्या संस्थेचा चिटणीस होतो. आम्ही पुरुष मंडळी मागच्या भिंतीआड जाऊन येत होतो आणि येऊन स्त्रीशिक्षणावर बोलत होतो. मी पुन्हा लोहाऱ्याला गेलो आणि खाली मान घालून आपांना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मशीनमध्ये कागद चढवून त्यांनी लिहिलं, "मुली आठला येतात आणि अकराला उठतात, कारण वाचनालयात शौचालय नाही. शौचालय, पाणी आणि एक खोली मिळाली, तर त्या सातपर्यंत बसतील." पुढं मुलींची नावं, खोलीची लांबी-रुंदी, जागेचा उतारा. एक पान. अग्नी विझला होता.

आबासाहेबांना हे मुळीच रुचलं नाही. "सरस्वतीच्या मंदिरासाठी संडास मागायचा? पुण्याच्या लोकांपुढं गावाची अब्रू घालवता काय?" असं म्हणून त्यांनी माझ्याच फोनवरून आपांना जाब विचारला. आपा अदबीनं म्हणाल्या, "आबासाहेब, कमान बी लिहू की. फक्त तिचा उपयोग काय, तेवढं सांगा."

आबासाहेबांनी बराच विचार केला. "तिच्याखालनं आत जाता येतं."

"आत्ता कसं जाता?"

आबासाहेबांनी फोन मला परत दिला. कमान प्रस्तावातून गेली. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण सही केली.

आपांच्या कामाची ही रीत मी पुढं जवळून पाहिली, कारण त्या दिवसापासून मी त्यांचा न नेमलेला शागीर्द झालो. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो. एकदा अणदूरच्या पापड करणाऱ्या बायांचा गट आला होता. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, "आपली एक्झिट स्ट्रॅटेजी काय?" मी मराठीचा शिक्षक या नात्यानं लगेच समजावलं, "म्हणजे बाहेर कसं पडणार?" गटाच्या प्रमुख गंगूबाई खवळल्या. "आमी कशाला बाहीर पडू? गाव आमचं, पापड आमचं! ज्यास्नी पडायचं त्यांनी पडावं!" मी घाईघाईनं सांगू लागलो की प्रश्नाचा रोख तसा नाही, मदत देणारी संस्था निघून गेल्यावर काम कसं चालणार, एवढंच विचारलंय. आपांनी मला हातानं थांबवलं आणि रकान्यात लिहिलं, "आपली संस्था गेली तरी आम्ही इथेच आहोत. पापड बंद होणार नाहीत." गंगूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्ता कसं बोललात!" त्या प्रस्तावाला होकार आला. अवघड शब्द पाहिला की त्याहून अवघड शब्द शोधायचा, ही माझी सवय त्या दिवशी निम्मी मोडली.

आपांचं दुसरं मोठेपण म्हणजे त्यांचा खरेपणा. तो इतरांना कधी कधी फार गैरसोयीचा होतो. आमचा प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार पडला आणि पुण्याहून पाहणीसाठी बाई येणार असल्याचं पत्र आलं. गावात गडबड उडाली. आबासाहेबांनी बेत केला की शाळेतल्या चाळीस मुली आणून खोलीत बसवायच्या. मी आनंदानं हे आपांना कळवलं. फोनवर त्या म्हणाल्या,

"सर, त्या चाळीस मुलींना उद्या तुम्ही वर्गात निबंध लिहायला सांगाल, 'खरं बोलावं' म्हणून. तेव्हा त्या तुमच्याकडं कशा बघतील?"

चाळीस मुलींचा बेत रद्द झाला. पण झालं असं, की नेमके सोयाबीन काढणीचे दिवस होते. पाहणीच्या दिवशी कोपऱ्यात तीनच मुली होत्या, सारिका आणि आणखी दोघी. बाकीच्या रानात. पुण्याच्या बाई तरुण होत्या, पहाटेच निघून सरळ आल्या होत्या. मी घामाघूम. लोहाऱ्याहून आलेल्या आपा मात्र निवांत खुर्चीत बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, "तीनच?" आपा म्हणाल्या, "आज तीनच. काढणी चाललीय. खरं आहे ते दिसतंय."

आबासाहेबांना वाटलं, आता पाहुणचारानंच गाव वाचेल. त्यांनी बाईंना आधी चहा पाजला. मग उसाचा रस मागवला. मग घरून ताक आणवलं आणि "आमच्या म्हशीचं हाय, नाही म्हणू नका" असं म्हणत दोन पेले दिले. बाई कागद तपासत होत्या, मुलींशी बोलत होत्या, खोली मोजत होत्या. हळूहळू त्यांचं लक्ष कागदावरून उडालं. शेवटी त्यांनी आपांच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं.

आपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तेच तर लिहिलंय, बेटा."

सारिकानं पुस्तक मिटलं आणि बाईंना आपल्या घरी घेऊन गेली. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेवढं अंतर त्या दोघी किती वेगानं चालल्या, याची चर्चा गावात बरेच दिवस होती. परत आल्यावर बाईंनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. वही मिटून त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलं."

महिन्याभरात मंजुरी आली. ही सगळी आपांची चाल होती, असं बरेच जण मानतात. मी शपथेवर सांगतो की त्यात त्यांचा हात नव्हता. श्रेय कुणाला द्यायचं असेल तर आबासाहेबांच्या म्हशीला द्यावं. आबासाहेब मात्र तेव्हापासून "संडास आपणच मंजूर करून आणला" असं अभिमानानं सांगतात आणि ते तसं खोटंही नाही.

बांधकाम सुरू झालं आणि जोत्यापर्यंत येऊन थांबलं. गवंडी न सांगता निघून गेला. अहवाल पाठवायचा दिवस आला तेव्हा मी लिहिलं, "काही अपरिहार्य कारणास्तव कामाच्या गतीवर किंचित परिणाम झाला आहे." आपांनी ते खोडून लिहायला लावलं, "गवंडी पळाला. दुसरा शोधत आहोत. दोन महिने उशीर होईल." मला वाटलं, आता मदत बंद होणार. उलट न्यासाकडून फोन आला की या आठवड्यात आलेल्या अहवालांपैकी समजला तो हा एकच. त्यांनी मुदत वाढवून दिली.

खोली झाली, नळ आला, शौचालय झालं. मुली सातपर्यंत बसू लागल्या आणि तिथंच नवी अडचण उभी राहिली. सारिकाच्या वडिलांनी तिचं येणं बंद केलं. संध्याकाळपर्यंत पोरगी बाहेर, लोक काय म्हणतील, आणि एक स्थळही आलं होतं. मी दोनदा जाऊन आलो. मी बोललो की ते "व्हय सर, व्हय सर" म्हणत, आणि सारिका घरीच राही.

हे कळल्यावर आपा स्वतः आल्या. गुडघे दुखत असताना एसटी बदलून आल्या. मला वाटलं, आता त्या मोठं भाषण करतील. त्यांनी सारिकाच्या वडिलांना विचारलं, "भाऊ, तुमी काय करता?"

"शेती. दुसरं काय."

"आज सुट्टी कुणी मंजूर केली?"

ते हसले. "आमाला कोन मंजूर करनार आपा?"

"मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिते. दुसऱ्याच्या मंजुरीसाठी दारात उभं राहायला कसं वाटतं, ते रोज बघते. तुमची लेक टेबलाच्या त्या बाजूला बसावी, एवढंच मला वाटतं. वर्षभर थांबा. स्थळं काय, पुन्हा येतील."

ते बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "एक वरीस. पन सांजच्याला मी सोता आणायला जानार." आणि खरंच वर्षभर ते रोज सातच्या ठोक्याला वाचनालयाच्या दारात हजर असत. पहिल्या खेपेला सारिका नापास झाली. एका वर्षाची मुदत संपली होती. तिच्या वडिलांनी कुणालाच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला ते दारात उभे होते. पुढच्या खेपेला ती तलाठी झाली. पेढे घेऊन ते स्वतः लोहाऱ्याला आपांकडं गेले आणि पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

आपांच्या मायेचा अनुभव मलाही आहे. माझा पाय मोडला होता तेव्हा त्या डब्यातून गरम खिचडी आणि तिच्यासोबत चिंचेचा आंबट खट्टा घेऊन आल्या. मी भारावून आभार मानणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून शाळेच्या प्रयोगशाळेसाठीचा एक फॉर्म काढला. "पडून तरी काय करताय? हात तर शाबूत आहेत." मी रडता रडता हसलो. नंतर कळलं, माझ्या आजारपणात घरचा किराणा पोचता करायला त्यांनीच आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत?" माझ्या माहितीप्रमाणं आपा आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धाराशिवला झालं. पट्टी काढताना मी तिथं होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?" आपांनी टेबलावरची औषधाची बाटली उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, 'दिवसातून' मधला 'दि' ऱ्हस्व पाहिजे." डॉक्टरांनी ऑपरेशन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

आपा, ते डोळे असेच तीक्ष्ण राहोत. गुडघ्यांनी तुमच्याशी जमवून घ्यावं, जिना तुम्हाला कधी उंच वाटू नये, रात्री शांत झोप लागावी आणि सकाळी चहाला चव असावी. तुम्ही आजवर कितीतरी लोकांसाठी मागितलं, स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून तुमच्या वतीनं आज आम्हीच मागतो. कुणी देवाकडं मागेल, कुणी अल्लाकडं. मागणं एकच आहे, तुम्ही आम्हाला पुष्कळ वर्षं लाभावं, तेही ठणठणीत आणि प्रश्न विचारत.